पाला लावण्याआधीचा प्रश्न

आमच्या कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी होती. नव्हती असं कोणी म्हणू नये. दर वर्षी तिच्यावरची धूळ पुसून ‘पेटी उपलब्ध’ असं मीच तर लिहायचो. पांढरी, वर लाल खूण, आणि कुलूपबंद. किल्ली मालकांच्या साडूंकडे. साडू आठवड्यातून एकदा, गुरुवारी, चहाच्या वेळेला उगवायचे. त्यामुळे ज्याला कोणाला बोट कापून घ्यायचं असेल त्याने ते गुरुवारी चारच्या सुमाराला कापावं, अशी उत्तम सोय होती. आत काय होतं म्हणाल तर मुदत संपलेलं एक मलम, कापसाचा पिवळा बोळा आणि झुरळांचा सुखी संसार.

कारखाना भांड्यांचा. पत्रा कापायचा, प्रेसखाली दाबून त्याची पातेली-झाकणं करायची, कडा वळवायच्या, पॉलिश करायचं. ताज्या कापलेल्या पत्र्याची कड म्हणजे ब्लेडच. एक दिवस असा जात नसे की कोणाचं काही कापलं, सोललं किंवा भाजलं नाही. मग ती स्वारी पेटीकडे ढुंकूनही न पाहता थेट मागच्या नळावर जायची, मावशीकडे.

मावशी आमच्याकडे झाडलोट करायची आणि दोन वेळचा चहा. बुटकी, काटक, पायात कोणातरी पुरुषाच्या जुन्या चपला. ती मूळची डोंगरावरची. तिच्या लोकांत कापल्या-भाजल्यावर पाला लावायचं काम ठरावीक घरांत आईकडून लेकीकडे जातं, आणि हिचं घर त्यातलं. नळामागे भिंतीला लागून दोन वीत मातीची पट्टी होती. आम्हाला ते नुसतं तण. मावशीला तो दवाखाना. दगडी पाला आपोआप माजलेला, तेलाच्या फुटक्या डब्यांत झेंडू, कोपऱ्यात कोरफड. कोणी त्यावर पाय दिला तर मावशी अशी काही बोलायची की त्या माणसाला स्वतःला मलमाची गरज पडावी.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी स्वतःचे हात साबणाने कोपरापर्यंत धुवायची. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरला मी कधी इतकं धुताना पाहिलेलं नाही, असो. मग उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची, आत पत्र्याचा कीस राहिला असेल तर आचेवर धरलेल्या सुईने काढायची. भाजलेलं असेल तर तो हात आधी नळाखाली, आणि इतका वेळ की चहा निवून जायचा. त्यानंतर कापल्यावर दगडी पाल्याचा रस, भाजल्यावर कोरफडीचा गर. पट्टीसुद्धा जुन्या सुती कापडाची, उकळून वाळवलेली.

पण पाला चुरगळून हातात घेतला की ती थांबायची आणि विचारायची, “कसं लागलं?”

हा प्रश्न आला की भल्याभल्यांची गाळण उडायची. कारण मावशीच्या लोकांत एक नेम आहे. जखम कशी झाली ते लावणाऱ्याला खरं सांगायचं. खोटं सांगितलं तर पाला लागू पडत नाही.

मी एकदा म्हटलं, “मावशी, त्या पाल्याला काय कळतंय, कपाळ! त्याला कान आहेत का?”

“पाल्याला नाही कळत. मला कळायला हवं,” मावशी म्हणाली. “गंजकं लोखंड घुसलेलं असायचं आणि हा म्हणणार काच लागली. मग मी त्याला इंजेक्शनला पाठवणार कशी? खोट्यावर पाला बांधला की वरून बरं दिसतं आणि आत सडतं.”

घ्या! चांगला शिकलेला क्लार्क मी, आणि झाडणाऱ्या बाईने माझीच शिकवणी घेतली.

एका गुरुवारी खुद्द साडू अंगठा धरून नळावर आले. रक्त टपटप गळत होतं. मावशीने धुतलं, पाला चुरगळला, विचारलं. साडू म्हणाले, “फाईलची कड लागली.” मावशी पाला हातात धरून बसून राहिली. साडूंनी घड्याळ पाहिलं. मागे वेल्डर, पॉलिशवाला, कातरणीवरचे दोघं, सगळे चहाचे पेले घेऊन उभे. असा तमाशा फुकटात कोण सोडतो? शेवटी साडू म्हणाले, “पेटी उघडत होतो. किल्ली हरवली म्हणून स्क्रूड्रायव्हर घातला.” प्रथमोपचाराच्या पेटीने जखमी झालेला जगातला बहुधा पहिला माणूस! मावशी हसली नाही. पाला लावला आणि म्हणाली, “स्क्रूड्रायव्हर गंजलेला होता का?” होता. त्यांना इंजेक्शनला पाठवलं.

मालकांना हे सगळं फार आवडायचं. आवडणारच. पाला फुकट, मावशी फुकट, आणि दवाखान्यात कोणी गेलं नाही की कागद होत नाही. त्यांनी नळावर एक पाटीच लावली, ‘नैसर्गिक प्रथमोपचार केंद्र’. पाटीवर स्वतःचा फोटो. मावशीचा नाही, कारण ती फोटोत नीट दिसत नाही म्हणे. पाहुणे आले की मालक त्यांना नळावर नेऊन छातीवर हात ठेवून म्हणायचे, “आम्ही परंपरा जपतो.” परंपरा त्या वेळी पाहुण्यांचे चहाचे कप विसळत असायची.

आता माझ्याविषयी. कारखान्याची अपघात नोंदवही माझ्याकडे होती. माझं अक्षर सुरेख आहे, हे मी नाही, सगळे म्हणतात. त्या वहीत शेवटचा रकाना होता ‘अपघाताचे कारण’, आणि मालकांच्या मते कारण एकच असतं. म्हणून मी दर वेळी सुरेख अक्षरात लिहायचो, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. लिहून लिहून हात दुखायला लागला तेव्हा मी त्याचा शिक्काच करून घेतला. मालकांनी माझ्या कल्पकतेचं कौतुक केलं. मलाही, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

खरं कारण सगळ्या कारखान्याला पाठ होतं. तीन नंबरच्या प्रेसला पुढे एक जाळी होती. जाळी खाली आल्याशिवाय प्रेस पडायची नाही, म्हणजे हात आत राहायचाच नाही. पण जाळीमुळे तासाला झाकणं कमी निघायची. मालकांनी ती काढून गोदामात टाकली. त्यानंतर तीन नंबरवर बसणारा प्रत्येक जण महिन्या-दोन महिन्यांत नळावर यायचा. ‘कसं लागलं?’ ‘जाळी नाही ना, मावशी.’ मावशी पाला बांधायची, मी शिक्का मारायचो. दोघांचंही काम छान चाललं होतं.

तीन नंबरवर मग दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. आधीचं काम सुटल्यावर चार महिने घरी होते, ताईने माझ्यामागे लकडा लावला होता. मी मालकांकडे शब्द टाकला आणि मेव्हण्याला नोकरी लावून दिली म्हणून घरात महिनाभर कॉलर ताठ करून फिरलो. जाळी नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. दाजी सावध माणूस आहे, त्यांना काही होणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगितलेलं तपासायला मावशी नव्हती.

सहा महिने काही झालं नाही. मग एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, प्रेसच्या आवाजात एक वेगळा आवाज आला आणि सगळी यंत्रं एकापाठोपाठ बंद झाली.

दाजींना नळावर आणलं तेव्हा मी तिथे होतो. उजव्या हाताच्या दोन बोटांचं काय झालं होतं ते मी सांगत नाही. हाताच्या पाठीवरची कातडी मनगटापर्यंत सरकली होती. दाजी ओरडत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

मालक धावत आले. “मावशी, पाला लाव लवकर! बघत काय बसलीस?”

मावशीने हात धुतले, पाहिलं आणि पाल्याला हातसुद्धा लावला नाही. “गाडी काढा,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्या पाल्याने एवढ्या लोकांना बरं केलंय.”

“पाला कातडीचा आहे. हाडाचा नाही. गाडी काढा.”

“आधी लाव तर खरं, मग बघू!” मालकांचा आवाज चढला. हॉस्पिटल म्हणजे कागद, कागद म्हणजे चौकशी, एवढं गणित त्यांना पक्कं येत होतं.

मावशीने उकळलेलं कापड हातावर गुंडाळलं, हात उंच धरायला लावला आणि मालकांच्या समोरच वेल्डरला सांगितलं, “मालकांच्या गाडीची किल्ली आण.” मालकांना त्या क्षणी पाटी, परंपरा काही आठवलं नाही. ते म्हणाले, “या बाईला फार शिंगं फुटलीत.” पण गाडी गेली.

गाडीतच माझा फोन वाजला. मालक एकदम मधाळ झाले होते. “हे बघ, तू घरचा माणूस. हॉस्पिटलात सांग, घरी जिन्यावरून लोखंडी पलंग खाली आणताना हात सापडला. दाजी बरे झाले की त्यांना गेटवर हलकं काम देऊ, बसून राहायचं. पण कारखान्याचं नाव आलं तर मग मला तरी काय करता येणार, तूच सांग.”

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरबाईने विचारलं, “कसं लागलं?”

अगदी तेच दोन शब्द. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. बोलायची ताकद त्यांच्यात नव्हती, माझ्यात होती. मी म्हणालो, “घरी. पलंग खाली आणताना.”

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. कातडी त्यांनी वाचवली, हात वाचवला. दोन बोटं गेली.

ताई संध्याकाळी आली. कॉरिडॉरमध्ये माझा हात घट्ट धरून म्हणाली, “तू तिथे होतास म्हणून बरं रे. नाहीतर यांचं काय झालं असतं?” पलंगाची गोष्ट मी तिला समजावून सांगितली, गेटवरच्या कामासाठी असंच बोलावं लागतं म्हणून. तिने मान डोलावली. तिला तेव्हा काहीही पटलं असतं. मी रात्री घरी जाऊन जेवलो. भूक लागली होती.

पाच-सहा आठवड्यांनी कारखाना निरीक्षक बाई तपासणीला आल्या. अचानक भेट. अचानक म्हणजे आदल्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून मालकांना फोन आला होता, इतकी अचानक. गोदामातून जाळी निघाली, तिला पिवळा रंग दिला गेला, तीन नंबरवर चढवली गेली. निरीक्षक बाईंनी कौतुकाने हात लावला तर बोटं पिवळी झाली. मालक म्हणाले, “आम्ही दरवर्षी रंगवतो.” त्या हात पुसत नळापाशी आल्या आणि पाटी वाचून थबकल्या.

“इथे उपचार कोण करतं?”

मालकांचा ऊर भरून आला. त्यांनी मावशीला पुढे केलं. “सांग गं बाईंना, कसा पाला लावतेस ते. लाजू नको.”

मावशी लाजली नाही. तिने पाला दाखवला, धुणं सांगितलं, सुई सांगितली. निरीक्षक बाईंना खरंच रस वाटला. त्यांनी विचारलं, “आणि साधारण कसल्या जखमा येतात तुमच्याकडे?”

झालं. जखमेबद्दल विचारल्यावर मावशीला दुसरं काही येतच नव्हतं. तिने कातरणीपासून सुरुवात केली. कोणाचा अंगठा, कोणाचं मनगट, कोणत्या यंत्रावर, कशाने. तीन नंबरवर आली तेव्हा म्हणाली, “इथे आठ जण. सगळे जाळी नाही म्हणून. जाळी काल लावली.” आणि माझ्याकडे बोट करून, “याच्या दाजींची दोन बोटं गेली. ते पाल्याचं काम नव्हतं, मी हॉस्पिटलात पाठवलं.”

मालक मोठ्याने हसले. “अडाणी बाई आहे हो! लिहिता-वाचता येत नाही. मनाला येईल ते बोलते. आमच्याकडे रीतसर नोंदवही आहे.”

निरीक्षक बाई माझ्याकडे वळल्या. “नोंदवही तुमच्याकडे ना? ही म्हणते ते खरं आहे का?”

मला गेट दिसत होतं. गेटवरची खुर्ची दिसत होती, तिच्यावर बसलेले दाजी दिसत होते. माझी स्वतःची खुर्चीही दिसत होती, लपवू कशाला. मावशी पाल्यासाठी थांबायची तशी शांत थांबली होती.

“नोंदवहीत आहे तसंच आहे, बाई,” मी म्हणालो.

निरीक्षक बाईंनी वही चाळली. माझ्या शिक्क्यांच्या रांगा पाहून त्यांचा चेहरा आंबट झाला, पण शिक्का हा शिक्का असतो. त्या सही करून गेल्या. मावशी चहाचे कप विसळायला बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालक मोठ्या मनाचे. त्यांनी मावशीला तडकाफडकी काढलं नाही, शनिवारपर्यंत ठेवलं. सोमवारी नळामागच्या मातीवर सिमेंट घातलं, कारण ‘तिथे फार डास व्हायचे’. पाटी मात्र राहिली. मंगळवारी तीन नंबरची जाळी परत गोदामात गेली. दाजींच्या गेटच्या कामाचं मी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, “पुढच्या महिन्यात बघू. उजवा हातच गेला ना त्यांचा, सलाम कसा करणार?” आणि स्वतःच्या विनोदावर खुश होऊन हसले. मी पण हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू लागतं.

तीन नंबरवर वॉचमनची सून बसली. हडकुळी, हसरी, पहिल्याच पगाराच्या घाईत. तिचा हात झपाझप आत-बाहेर व्हायचा आणि मी माझ्या टेबलावरून तो बघायचो. माझं काम होईना. बेरजा चुकायला लागल्या. प्रेस आपटली की माझी मान वर व्हायची. त्यातच एक दिवस नोंदवही ठेवताना कपाटाच्या पत्र्याने माझा तळहात चिरला. तसा लहानसा काप होता. पण सुटी झाल्यावर माझे पाय मावशीच्या खोलीकडे वळले.

एक खोली, खिडकी, खिडकीत तीन डबे. तिने मला आत घेतलं, हात धुतला, डब्यातला पाला खुडून चुरगळला. मग थांबली.

“कसं लागलं?”

आणि मी सुटलो. पलंगाची गोष्ट, डॉक्टरबाई, ताईचा हात, गेट, निरीक्षक बाई, शिक्का, सगळं सगळं ओकलो. नाक पुसायला रुमालही सापडेना. चाळिशीचा माणूस मी, तिच्या चटईवर बसून पोरासारखा रडलो.

मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते तिकडे सांगायचं होतंस. मी हाताचं विचारलं.”

“कपाटाचा पत्रा,” मी म्हणालो.

“हं.” तिने रस पिळला, पट्टी बांधली. “तीन नंबरवर आता कोण आहे?”

“वॉचमनची सून.”

“जाळी?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग माझ्याकडे कशाला आलास?” मावशी म्हणाली. “मला त्यांनी हाकललं, मी करून खाईन. तिच्या हाताचं मी इथून काय करू? सांग ना! एवढ्या डब्यांतला सगळा पाला लावला तरी बोट उगवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी भोंग्याच्या आधी कारखान्यात गेलो, तीन नंबरचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि नोंदवही पिशवीत घालून निरीक्षक बाईंच्या ऑफिसात जाऊन बसलो. सरकारी बाकावर अडीच तास. आधी साहेबबाई यायच्या होत्या, मग चहा यायचा होता, मग माझा अर्ज कुठल्या खिडकीचा यावर दोन खिडक्यांचं भांडण झालं. मधल्या काळात मालकांचे चौदा फोन येऊन गेले. मी पळून जायचा विचार दोनदा केला. खरंच केला.

निरीक्षक बाईंनी वही उघडली. त्यांनी मला ओळखलं होतं. एकामागून एक पानं उलटत त्या शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत गेल्या, शेवटच्या पानापाशी थांबल्या.

“तुमच्या दाजींची तर इथे नोंदच नाही.”

“त्यांचा हात घरी पलंगाखाली सापडला, असं मी हॉस्पिटलात सांगितलं.”

“आणि हे बाकीचे शिक्के कोणाचे?”

“माझेच.”

“यात लिहिलंय ते खरं आहे का?”

“नाही,” मी म्हणालो.

तोंडातून निघायला अर्धा क्षण लागला असेल. हेच उत्तर मी महिन्यापूर्वी नळावर दिलं असतं तर मावशीची नोकरी राहिली असती. वर्षापूर्वी दिलं असतं तर दाजींनी आज स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावली असती.